आमचे सस्पेन्स खाते

मी बारीक आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मिळकत म्हणून सांगतो. शाळेत मला 'काडी' म्हणत, बी.कॉम.च्या वर्गात 'उदबत्ती' म्हणत, आणि बँकेत लागलो त्या दिवशी आमच्या हेडकॅशियरने मला, काउंटरच्या जाळीतून पलीकडे निघता येते का, ते करून पाहायला सांगितले होते. वऱ्हाडात बारीक माणसाची लोक कीव करतात. लग्नात भेटलेली प्रत्येक मावशी सौ.च्या देखत विचारते, "काहून रे बाप्पा, बायको जेवाले देत नाई का तुले?" आणि त्यानंतर आठ दिवस खरोखरच जेवण बेताचे मिळते.

पण खरे सांगू का, मनातून मला या देहाचा अभिमान होता. दुसरे काही मिळवले नाही तरी वजन मिळवले नाही, हे काय थोडे झाले? उंची ५ फूट ७ इंच, वजन ६४ किलो. पंचविशीपासून पँटची मापे तीच. (शिंपी बदलत गेले आणि पट्ट्याची भोके पुढे सरकत गेली, तो भाग वेगळा.) छातीच्या खाली आणि पट्ट्याच्या वर एक लहानसे गाठोडे अलीकडे दिसू लागले होते, परंतु त्याला पोट म्हणणे म्हणजे वडाळीच्या तलावाला समुद्र म्हणण्यासारखे झाले असते. आमच्या हेडकॅशियरचे वजन ९२ किलो. त्यांना मी गेली कित्येक वर्षे आरोग्यावर फुकट सल्ला देत आलो. सल्ला देताना मी मुद्दाम बाजूने उभा राहत असे, म्हणजे माझी जाडी त्यांना नीट दिसावी.

तर अशा या अस्मादिकांची आणि हेडकॅशियरची बँकेच्या वैद्यकीय तपासणीत एकाच दिवशी सोनोग्राफी झाली. हेडकॅशियर आत गेले आणि दहा मिनिटांत, अकोल्याचे गुलबक्षी उन्ह तोंडावर पडावे तसे हसत बाहेर आले. सगळे नॉर्मल. मग मी गेलो. डॉक्टरांनी पोटावर तो थंडगार चिकट मलम लावला, यंत्र फिरवले, पुन्हा फिरवले, आणि आपल्याला न आवडणारा चेक परत करताना आम्ही जसा चेहरा करतो तसा चेहरा करून म्हणाले, "फॅटी लिव्हर आहे. ग्रेड टू."

"माझे?" मी उठून बसलो. "डॉक्टरसाहेब, पेपर बदलले असतील. फॅट बाहेर बाकावर बसले आहे."

डॉक्टरांनी ते मनावर घेतले नाही. "घेता का?" त्यांनी विचारले.

"काय?"

"तेच."

"चहा घेतो. दिवसातून पाच वेळा."

त्यावर डॉक्टर किंचित हसले. 'सगळेच असे म्हणतात' असा त्या हसण्याचा अर्थ होता. ते हसणे मी ओळखले, कारण फार वर्षांपूर्वी ते मी एकदा पाहिले होते. पण ती हकीकत पुढे.

घरी आल्यावर रिपोर्ट सौ.च्या हाती दिला. ती म्हणाली, "चरबी तुमच्या बोलण्यात आहे हे ठाऊक होतं. लिव्हरमध्ये कधी उतरली?" चिरंजीवांनी मोबाइलवर पाहून ग्रेड थ्रीनंतर काय काय होते ते वाचायला सुरुवात केली, त्याला गप्प केले. आई तेवढी काही बोलली नाही. रिपोर्ट नुसताच हातात धरून तिने 'लिव्हर' हा शब्द दोनदा म्हटला आणि देवघरात जाऊन बसली.

आमचा एक पुतण्या नागपूरला मेडिकलला आहे. त्याला फोन केला. त्याने इतके इंग्रजी शब्द सांगितले की त्यातले मला एक 'आणि' तेवढे समजले. मग मी कॉमर्सच्या माणसाने जे करावे ते केले. दर रविवारी त्याला धरून बसवले आणि सगळे प्रकरण बँकेच्या भाषेत लावून घेतले. आता तुम्हालाही त्याच भाषेत सांगतो, कारण मला दुसरी येत नाही.

आजवर आपण चरबीला काय समजत होतो? फिक्स्ड डिपॉझिट. जास्तीचे खाल्ले की टाकले तिकडे, अडीअडचणीला मोडले. ठेव म्हणजे मुकी वस्तू. ती काही बोलत नाही, पत्र लिहीत नाही. पण हे खोटे निघाले. चरबी ही ठेव नसून स्वतंत्र शाखा आहे, तिला स्वतःचा टपाल विभाग आहे, आणि तिथून दिवसरात्र पत्रे सुटत असतात. त्या पत्रांना हॉर्मोन म्हणतात.

पहिले पत्र सापडले त्याची गोष्ट मजेची आहे. १९४९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर आढळले, ते नुसते खातच सुटले होते. लग्नातल्या पंगतीत आमचे एक मामाजी जसे बसतात, तसे. हे उंदीर थांबत का नाहीत, याचे उत्तर मिळायला ४५ वर्षे लागली. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले की चरबीच्या पेशी एक हॉर्मोन सोडतात आणि ते मेंदूला जाऊन सांगते, 'ठेवी भरपूर जमल्या आहेत, आता भरणा थांबवा.' या उंदरांच्या शाखेत ते पत्र लिहिणाराच नव्हता. ग्रीक भाषेत बारीक म्हणजे 'लेप्टॉस', त्यावरून या हॉर्मोनला लेप्टिन नाव दिले.

जगाला वाटले, झाले काम! लठ्ठ माणसाला लेप्टिन टोचा, की तो ताटावरून उठेल. पण तपासले तर लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हतेच, उलट दुथडी भरून वाहत होते. हे वाचून शास्त्रज्ञ चकित झाले असतील. मी मुळीच झालो नाही. शाखेने हेड ऑफिसला एक पत्र पाठवले तर साहेब वाचतात. रोज चाळीस पाठवली तर ती उघडलीच जात नाहीत. शाखा आणखी स्मरणपत्रे पाठवते, हेड ऑफिस आणखी बहिरे होते. यालाच शास्त्रात लेप्टिन रेझिस्टन्स म्हणतात, आमच्याकडे पत्रव्यवहार म्हणतात. आणि ही न वाचलेली पत्रे रद्दीत पडून राहत नाहीत. लेप्टिनचा असा सुकाळ झाला की लिव्हरमध्ये व्रण धरायला तो हातभार लावतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरे हॉर्मोन आहे ॲडिपोनेक्टिन. हे फार गुणी. लिव्हरला म्हणते, 'बाबा, साठवू नको, जाळ'. स्नायूंना म्हणते, 'इन्सुलिनचे ऐक.' १९९५-९६ च्या सुमाराला हे चार निरनिराळ्या प्रयोगशाळांना सापडले आणि चौघांनी चार नावे ठेवली. चार ठिकाणी काम करून एकाही ठिकाणी नाव नाही, यावरूनच तो मनुष्य कामाचा असणार हे कोणीही बँकवाला ओळखील. गंमत अशी, की हे निघते चरबीतूनच, पण चरबी वाढली, विशेषतः पोटाच्या आत वाढली, की हे कमी होते. शाखा मोठी झाली की प्रामाणिक माणसाची पहिली बदली होते, तसेच.

तिसरे रेझिस्टिन. हे २००१ साली उंदरांच्या चरबीत मिळाले. इन्सुलिनला विरोध करते म्हणून हे नाव. माणसात मात्र ते चरबीपेक्षा रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून अधिक येते. आणि या पांढऱ्या पेशी फुगलेल्या चरबीभोवती, बुडालेल्या पतसंस्थेसमोर ठेवीदार जमावेत तशा गोळा होतात आणि घोषणा देतात. त्या गोंगाटात इन्सुलिनचे कोणी ऐकत नाही.

इन्सुलिन बिचारे रोकड घेऊन फिरणारे शिपाई. जेवणातून आलेली साखर पिशवीत घालून ते स्नायूंच्या दारावर थाप मारते, 'घ्या, जमा करा.' दार उघडत नाही. स्वादुपिंड आणखी शिपाई पाठवते. दारात शिपायांची गर्दी, आत साखरेचा पत्ता नाही. तिकडे चरबीच्या शाखेवरही इन्सुलिनचा दाब राहत नाही, तिथल्या ठेवी फुटू लागतात आणि चरबीची आम्ले सुटी होऊन रक्तात उतरतात. पोटाच्या आतल्या चरबीची तर शीर थेट लिव्हरला जाऊन मिळते. मधे कुठे नाका नाही, पावती नाही.

आता बँकेत एक खाते असते, सस्पेन्स खाते. जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते समजत नाही, ती तिथे टाकायची आणि संध्याकाळी टॅली करून घरी जायचे. उद्या पाहू, परवा पाहू. ते 'उद्या' इन्स्पेक्शनच्या दिवशीच येते. तर वाचकहो, लिव्हर हे शरीराचे सस्पेन्स खाते आहे. लिव्हरच्या एकूण वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत चरबी चालते, त्यापुढे फॅटी लिव्हर. आणि हे सस्पेन्स एकदा फुगले की ते सरकारी नोकरासारखे वागू लागते. इन्सुलिनचा हुकूम असा असतो, की 'साखर तयार करणे थांबवा आणि चरबी तयार करा.' लिव्हर त्यातला पहिला अर्धा हुकूम ऐकत नाही, दुसरा अर्धा तत्परतेने पाळते. साखरही बनवते, चरबीही बनवते. असे दोन क्लार्क आमच्या शाखेत होते.

"हे सगळे ठीक आहे," मी पुतण्याला म्हटले, "पण हे लठ्ठ माणसाचे झाले. मी?"

तेव्हा त्याने मला पुण्याची गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या मोठ्या साप्ताहिकात एक पानभर मजकूर आणि दोघांचा जोडीने फोटो छापला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो बॉडी मास इंडेक्स. तो दोघांचाही २२.३ होता. म्हणजे काट्यावर दोघे सारखे बारीक. पण आतली चरबी मोजली, तर साहेबाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन माझा आकडा काढला. २२.१ आला. माझा बारीकपणा तिथल्या तिथे जप्त झाला.

याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळाचे ३.५. हातपाय, स्नायू, पोटातले अवयव, सगळ्यांत आपले बाळ कमी. फक्त पाठीवरच्या चरबीत ते जवळजवळ बरोबरीला. २००२ साली नाळेच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वजनाच्या मानाने लेप्टिन आणि इन्सुलिन आपल्या बाळात जास्त निघाले. म्हणजे आपण जन्मतःच ओपनिंग बॅलन्स घेऊन येतो. कातडीखालची तिजोरी लवकर भरते आणि उरलेले पोटात नि लिव्हरमध्ये उतरते, असे जाणकार सांगतात. म्हणून तर आपल्याकडे पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरली आहे. माझी कंबर ९३ भरली. टेप सौ.ने धरला होता, त्यामुळे श्वास आत ओढूनही उपयोग झाला नाही.

इथवर सगळे हसण्यावारी चालले होते. पुढे एका रविवारी पुतण्याने या रोगाची जन्मकथा सांगितली आणि मी गप्प झालो.

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग या डॉक्टरांनी २० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे लिव्हर दारुड्याच्या लिव्हरसारखे दिसत होते आणि ते दारू पीत नव्हते. या रोगाला आजवर नावच नाही, असे त्यांनी लिहिले आणि नाव दिले. नाव नव्हते तेव्हा या माणसांना काय म्हणत असतील ते कोणी मला सांगायला नको.

माझे बाबा अकोल्याला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी पाळणारे, अंगाने माझ्यासारखेच किडकिडीत, आणि तसेच छोटेसे गाठोडे पट्ट्याच्या वर. मधुमेह होता, त्याला आमच्याकडे नुसते 'साखर' म्हणत. १९९६ साली डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरले. डॉक्टरांनी विचारले, "किती घ्यायचे?" बाबा म्हणाले, "दोन वेळा, चहा." आणि डॉक्टर हसले. तेच ते हसणे. दोन महिन्यांत बाबा गेले. तेराव्याला मांडवाच्या मागे मी कुजबुज ऐकली, "लिव्हर गेलं म्हन्ते. मंग काय, समजून घ्या."

मी सतरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी बाबांचे कारखान्यातले सामान आणायला गेलो, तेव्हा त्यांच्या मेजाचा खण मी आतपर्यंत हात घालून तपासला. काय शोधत होतो ते मला माहीत होते. सापडला पेढ्यांचा एक पुडा, अर्धा संपलेला, वर रोजकीर्दीचा कागद गुंडाळलेला. साखर असलेला माणूस घरच्यांना चुकवून पेढे खात होता, एवढीच काय ती चोरी. पुडा मी पिशवीत घातला. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पुढे कितीतरी वर्षे मनात यायचे की बाटली कदाचित दुसऱ्या कपाटात असेल.

बाबांच्या लिव्हरचा तुकडा कोणी काढून पाहिला नाही, त्यामुळे शिक्कामोर्तब होणार नाही. पण किडकिडीत देह, पट्ट्यावरचे गाठोडे, साखर, आणि आता मुलाचे ग्रेड टू. सगळ्या नोंदी मांडल्या की बेरीज जुळते. मी आईला हे सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मले तवाच माईत होतं." मग जरा थांबून म्हणाली, "तुले नव्हतं का?"

२०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून या रोगाचे नाव बदलले. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता, 'नाही' लावून का होईना, आणि चरबीचाही होता. त्याने रोग्याची मानहानी होते असे त्यांचे म्हणणे पडले. नवे नाव इतके लांब आहे की माझ्या पासबुकाच्या एका ओळीत बसत नाही. हेड ऑफिस परिपत्रक काढून नावे बदलते तेव्हा आम्ही हसतो. या परिपत्रकाला मात्र मी हसलो नाही.

असो. उपाय अगदी साधा निघाला, म्हणूनच कठीण. वजन ५ टक्के उतरले तरी लिव्हरची चरबी कमी होते, ७ ते १० टक्के उतरले तर आतली सूजही उतरू लागते. शाखा आटोपशीर झाली की ॲडिपोनेक्टिनसाहेब बदलीहून परत येतात आणि हेड ऑफिस पत्रे वाचू लागते. आता मी राहतो अमरावतीला. ज्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मल्ल १९३६ साली ऑलिम्पिकच्या वेळी थेट बर्लिनला देशी खेळ दाखवून आले, त्या गावात राहून मी त्या मंडळाच्या फाटकासमोर फक्त रिक्षाची वाट पाहिली होती. नोकरी अकोल्याला, रोजचे अप-डाउन. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ साली ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून लोकांनी गिनीज बुकात नाव घातले. मला रोज पाऊण तास चालायला सुरुवात करायलाच तीन महिने लागले. पहाटे उठून चालायला निघावे तर वाटेत गिला वड्याची गाडी लागते. रस्ता बदलला तर आलूबोंड्याची लागते. अमरावतीत उपासाला निघालेल्या माणसाला कुठलाच रस्ता मोकळा नाही. तरीपण आठ महिन्यांत पाच किलो उतरले, आणि मावश्यांना लग्नात बोलायला नवा विषय मिळाला.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची गर्दी चालू होती. अकोल्याच्या जुन्या शहरातले आमचे शेजारी, रिटायर्ड मास्तर, काठी टेकत माझ्या काउंटरला आले. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. मला नीट न्याहाळून म्हणाले, "काहून रे, असा सुकला? पित-बित तं नाई ना?"

"नाही काकाजी. लिव्हरवर चरबी आली होती."

काकाजींनी इकडेतिकडे पाहिले, आणि जाळीजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "मले बी तेच सांगतलं डाक्टरनं. म्या जनमभर सुपारी नाई खाल्ली गड्या. पन सूनबाई कशी पाहून राह्यली मह्याकडं..."

मागे रांग वाढत होती. तरीही मी त्यांना सगळे सांगितले. शाखा, पत्रे, पुण्याचे डॉक्टर, सस्पेन्स खाते. काकाजी मास्तर माणूस, शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. मग काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"मंग तुया बाप... घेत नव्हता?"

"नाही काकाजी."

"तेराव्याले म्या बी बोललो होतो रे," ते म्हणाले. "चुकलंच माह्यं."

मी काही बोललो नाही. त्यांच्या दाखल्यावर सही घेतली, शिक्का मारला. सस्पेन्समधली एक नोंद, जवळजवळ तीस वर्षे पडून असलेली, त्या दिवशी सुटली. संध्याकाळी घरी गेल्यावर आईला सांगितली.

काकाजी चार पावले गेले आणि परत फिरले. मला वाटले, आणखी काही मनातले सांगायचे असेल.

"काय बे," ते म्हणाले, "मंग आता आलूबोंडा खाऊ, का नोको?"